हौद्यात चढण्याच्या सोयीबाबत

सदर व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे. लिंग स्त्री. वय साठीच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. उंची बेताची, बांधा मध्यम, चष्मा जवळचे पाहण्यासाठी. ओळखीची खूण, गिअरच्या दांड्याने तळहाताला पडलेला घट्टा. व्यवसाय, सभा, समारंभ, परीक्षा, शोकसभा व तत्सम प्रसंगी प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने पुरवणे, त्या पिकअप गाडीतून नेणे, हौद्यात चढून उतरवणे, मांडणे, गोळा करणे व परत आणणे. पतीच्या निधनानंतर सदर व्यक्ती हा व्यवसाय कोणाच्याही मदतीशिवाय, एकहाती चालवते. मानसिक स्थिती स्थिर. याबद्दल नातेवाइकांची तक्रार आहे.

तक्रार फार जुनी नाही. काका, म्हणजे सदर व्यक्तीचे पती, गेले तेव्हापासूनची आहे. ते गेले एका साध्या मंगळवारी, चहाचा कप समोर असताना, काही न बोलता. भेटायला येणाऱ्यांना बसायला खुर्च्या लागणार म्हणून दिरांनी गोडाऊनमधल्या थप्प्या आणून अंगणात मांडल्या. म्हणजे काकांच्या शेवटच्या कामाला खुर्च्या वेळेवर पोहोचल्या. लोक येत, बसत, हळू आवाजात बोलत. खुर्चीवाल्या काकी, कारण सगळे त्यांना याच नावाने ओळखत, दारात बसून एवढेच पाहत होत्या की मागच्या रांगेतल्या एका खुर्चीचा पाय तडकत चालला आहे आणि नेमक्या तिच्यावर जाड्या मामी बसल्या आहेत. खुर्ची टिकली. मामी रडल्या. काकी नाही.

यावर घरात बरीच चर्चा झाली. जाऊ म्हणाली, आतल्या आत कुढतायत. मामी म्हणाल्या, पहिल्यापासूनच दगड. परगावी असलेली मुलगी रोज फोन करी.

"आई, एकदा मोकळी हो गं."

"मोकळीच आहे मी. काय काम होतं?"

वाटत काहीच नव्हते, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि मग ओठ आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसे त्यांचे अख्ख्या अंगाचे झाले होते. त्या जेवत, झोपत, अंगण झाडत. चहा अजून दोन कप टाकत आणि दोन्ही पीत.

धंदा दोघांचा होता आणि त्याची वाटणी उलटी होती. काकांना गाडी चालवता येत नसे. शिकताना पहिल्याच दिवशी त्यांनी ती शाळेच्या फाटकाला अशी टेकवली की फाटक आत गेले आणि मुख्याध्यापक बाहेर आले. तेव्हापासून काकी चाकावर आणि माल काकांकडे. गोडाऊनमध्ये काकी खालून थप्पी उचलून देत, काका हौद्यात उभे राहून ती घेत आणि मागे सारत. पोहोचल्यावर मात्र ते म्हणत, "तू बस चाकावरच. इथे कोण कधी गाडी हलवायला लावेल, नेम नाही." काकी बसून राहत. मागे खुर्च्यांचा खडखडाट चाले, थोड्या वेळाने पत्र्यावर दोन थापा पडत, की समजायचे, माल उतरला. काही घरांत नवरा स्वयंपाकघरात जात नाही, तशा काकी कधी हौद्यात गेल्या नव्हत्या. मनाई नव्हती. कारण पडले नव्हते.

हे कारण दिरांनी काढले. दीर फरश्यांचे दुकान चालवत. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणतीही गोष्ट रिकामी पडलेली त्यांना बघवत नसे, मग ती जागा असो, गाडी असो की वहिनी. पिकअप दोघा भावांनी मिळून घेतलेली होती, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता आणि ते हक्क वापरत.

"वहिनी, स्पष्ट बोलू का?"

"बोला. अस्पष्ट बोललेले तुम्ही मला आठवतच नाही, भावजी."

"गाडी तुम्ही चालवाल, मान्य. माझ्यापेक्षा बरी चालवता. पण मागे कोण चढणार? दादा नुसता हात टेकवून वर जायचा. तुम्ही या वयात हौद्यात उड्या मारणार का?"

"उड्या नाही. शिडी घेते."

हे वाक्य कुठून आले ते काकींना समजले नाही. दिरांनी ऐकले तेव्हाच त्यांनीही ते ऐकले.

दीर म्हणाले, "ठीक. रविवारी त्या मोठ्या हॉलचं काम आहे, दादानं घेतलेलं. भरून मी देतो, माझ्या माणसांकडून. उतरवणं तुमचं, एकटीचं. मी बघायला येईन. झालं तर गाडी तुमच्याकडे, मी परत विषय काढणार नाही. नाही झालं तर गाडी दुकानात येईल आणि खुर्च्या विकून टाकू."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा."

आराम म्हणजे नेमके काय करायचे, याचा काकींनी विचार करून पाहिला. समोरची भिंत दिसली. पुढचे काही दिसले नाही.

शिडी घ्यायची म्हणजे आधी उंची हवी. टेप काकांची होती आणि ती कुठे ठेवत ते त्यांनाच ठाऊक. काकींनी गोडाऊनमधला लांब दांड्याचा झाडू घेतला, गाडीचा मागचा फाळका खाली पाडला, झाडू त्याच्या कडेला उभा धरला आणि कड जिथे आली तिथे दांड्याला रबर गुंडाळले. शेजारी पंक्चरवाल्याचे दुकान होते. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसला होता. त्याने मान वर केली.

"काकी, झाडूनं काय मोजताय?"

"गाडीची उंची. शिडी घ्यायचीय."

"इथंच मोजताय?"

"मग काय गावाला जाऊन मोजू?"

पंक्चरवाल्याने तोंड उघडले, मग मिटले. "तसं नाही. मोजा," म्हणाला आणि पुन्हा बुडबुडे पाहू लागला.

शिड्यांच्या दुकानात एक विक्रेता होता, जो शिडीबद्दल असा बोले जणू पृथ्वीवर चढण्याखेरीज माणसाला दुसरा उद्योग नाही. काकी झाडू घेऊन आत आल्या तेव्हा तो आधी म्हणाला, "मावशी, सफाईवाली बाई येऊन गेली." मग रबर दाखवल्यावर त्याला जोर चढला.

"पिकअपसाठी? मग प्रकार बघा. ही फाळक्याला अडकवायची, आकड्याची. छान आहे, पण फाळका ढिला असेल तर तुम्ही वर आणि फाळका खाली. ही बंपरला नटबोल्टनं बसते, कायमची. मागून कोणी ठोकलं तर पहिली तीच जाते. ही ओढली की लांब होते, दाबली की पिशवीत मावते. बोटं सांभाळायची. ही तीन पायऱ्यांची, धरायला दांडा. म्हाताऱ्या माणसांना बरी. आणि ही दोन पायऱ्यांची, घडीची. हलकी. कोण चढणार?"

"आमचे हे," काकी म्हणाल्या.

म्हणून झाल्यावर त्यांना कळले. दुरुस्ती करावी असेही वाटून गेले, पण त्यासाठी सगळे पहिल्यापासून सांगावे लागले असते, आणि विक्रेत्याचा चेहरा पडला असता, आणि मग त्याचे सांत्वन करावे लागले असते. अशी सांत्वने त्यांनी अलीकडे पुष्कळ केली होती.

"उंच आहेत?"

"हो. माझ्या डोक्यावरून पंखा पुसतात."

"पाय मजबूत?"

"खुर्च्या उचलतात रोज."

"मग झालं! काकांना दोन पायऱ्या रग्गड. तीनवाली कशाला, अपमान वाटेल त्यांना." त्याने झाडू भिंतीला टेकवून रबराशी शिडी ताडून पाहिली. "बघा, नेमकी. पण त्यांना एकदा आणा की, चढून बघू दे."

"ते येत नाहीत कुठे," काकी म्हणाल्या. हे खरे होते.

दोन पायऱ्यांची घेतली. विक्रेत्याने ती गाडीत ठेवून दिली आणि काकांना नमस्कार सांगितला.

रविवारी हॉलवर कोणत्या तरी कंपनीची वार्षिक सभा होती. काकींनी गाडी मागच्या दाराशी अशी लावली की बघणाऱ्याला वाटावे, रेघ आखून लावली. दाराशी वॉचमन बसला होता, टक्कल, गळ्यात शिट्टी, पायात न जुळणारे मोजे. काकींनी फाळका पाडला. कडेच्या थप्प्या खाली उभे राहून ओढता आल्या. त्या त्यांनी एकेक करून आत नेल्या आणि मांडल्या. पुढच्या थप्प्या हौद्यात खोल होत्या, केबिनला टेकून. तिथवर हात जाणार नव्हता.

त्यांनी शिडी लावली. पहिली पायरी. दुसरी पायरी. आता एक पाय हौद्यात टाकायचा एवढेच उरले होते, आणि तेवढेच होत नव्हते. कड गुडघ्याच्या बरीच वर येत होती. गुडघा उचलला की तो पत्र्यावर आपटे. हाताने ओढून घ्यावे तर धरायला काही नाही. त्या खाली उतरल्या, शिडी पुढे सरकवली, पुन्हा चढल्या, पुन्हा तेच. मग झाडू काढून कडेला उभा धरला. रबर कडेच्या वीतभर खाली होते.

रबर घसरले असेल म्हणून काकींनी ते ओढून पाहिले. घट्ट होते.

"गाडी वाढली काय, काकी?" वॉचमन बसल्या जागेवरून म्हणाला.

त्यांनी वळून पाहिले. चेष्टेचा राग येण्याचीही ताकद नव्हती, पण नजर त्याच्या खुर्चीवर गेली. खुर्चीच्या पाठीवर, कोपऱ्यात, पिवळ्या रंगाचा ठिपका होता. हा ठिपका काकी स्वतः प्रत्येक खुर्चीवर ब्रशने देत.

"ही खुर्ची आमची आहे."

"हो, तुमचीच."

"वर तोंड करून सांगता? काम झाल्यावर मोजताना नेहमी एखादी कमी भरायची. हे म्हणायचे, लोक चोर असतात."

"काकांनीच दिली, काकी. माझ्या हातात दिली. शपथ." वॉचमन उभा राहिला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, जणू आता तीच साक्ष देईल. "या रस्त्यावरच्या सगळ्या हॉलना दिलीय. पलीकडच्या शाळेत जाऊन बघा. शिपाई पिवळ्या ठिपक्यावरच बसतो."

"कशाबद्दल?"

"चढण्याबद्दल."

काकींना समजले नाही. वॉचमनला वाटले त्या रागावल्या, म्हणून त्याने भराभर सगळे सांगून टाकले. काका हौद्यात चढतच नव्हते. गेली दोनतीन वर्षे तरी नाही. गुडघा गेला होता. गाडी आली की ते खाली उतरत, केबिनकडे बघून काकी चाकावर आहेत ना ते पाहत आणि मग वॉचमनला खूण करत. वॉचमन वर जाई, थप्प्या कडेला आणून देई, काका खालून घेत. शेवटी पत्र्यावर थापा तेवढ्या काका मारत. बोलायचे नाही अशी अट होती. काकींना कळले तर त्या गाडी बंद करतील आणि धाकटा भाऊ फरश्या भरायला घेऊन जाईल, असे ते म्हणत.

"गोडाऊनमध्ये ते चढायचे," काकी म्हणाल्या. "माझ्यासमोर. रोज."

"आता तिथलं मला काय माहीत?"

आत सभेचा माईक कोणीतरी तपासत होते, "हॅलो, हॅलो" म्हणत, आणि पलीकडून कोणी उत्तर देत नव्हते. वॉचमनने डोके खाजवले.

"चढू का मग? काकांचं जसं होतं तसं."

एकटीने, असे ठरले होते. पण ठरवताना दिरांना जे माहीत नव्हते ते काकींना आता माहीत झाले होते, आणि परत घरी जाऊन त्या भिंतीसमोर बसायचे की नाही एवढाच प्रश्न उरला होता.

"चढा," त्या म्हणाल्या.

वॉचमन दोन पायऱ्यांवरून टुणकन वर गेला. "झकास आहे हो शिडी. काकांच्या वेळी टायरवर पाय देऊन जायला लागायचं." त्याने थप्प्या कडेला आणल्या, काकींनी खालून घेतल्या, आत नेल्या, मांडल्या. शेवटची थप्पी राहिली असताना वॉचमन वरूनच म्हणाला, "लाल स्कूटर, फरशीवाले. तुमचेच ना?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने थप्पी कडेला ढकलली, खाली उडी मारली आणि शिट्टी फुंकत रस्त्याकडे धावला. "तिकडे लावा, तिकडे! इथं पार्किंग नाही! साहेब, तुम्हालाच सांगतोय!"

स्कूटर तिकडे, मग आणखी तिकडे, मग पार कोपऱ्यावर लावून दीर घाम पुसत आले तेव्हा हौदा रिकामा होता. मागे शिडी उभी होती आणि तिच्याशेजारी काकी.

"झालं?"

"झालं."

दिरांनी आत डोकावून रांगा पाहिल्या. मग हौदा पाहिला. मग शिडी हाताने हलवून पाहिली.

"दोनच पायऱ्या?"

"पुरतात."

"चढायला जमलं म्हणजे."

"शिडी चांगली निघाली," काकी म्हणाल्या.

दिरांनी फाळक्यावर हात ठेवला. "दादा काय झपकन चढायचा, नाही?" म्हणाले. काकींनी मान हलवली. हो म्हणाल्या. दीर रुमालात तोंड घालून रडू लागले तेव्हा काकींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जसा सगळ्यांच्या फिरवत होत्या. वॉचमन त्या बाजूला पाठ करून रिकाम्या रस्त्याला शिट्टी वाजवत राहिला.

"गाडी राहू दे तुमच्याकडे," दीर शेवटी म्हणाले. "मी शब्द फिरवत नाही."

सभा संपल्यावर भरायलाही वॉचमनच चढला. काकी गोडाऊनला परतल्या, नेहमीप्रमाणे गाडी मागे घेतली, आणि नेहमीप्रमाणे मागची चाके खाली बसली. इतकी वर्षे त्या असेच समजत होत्या की रोजच्या येण्याजाण्याने जमीन खचली आहे. आज उतरून वाकून पाहिले. खचलेली जमीन अशी नसते. दोन्ही चर सरळ कापलेले होते, तळाला विटांचे तुकडे ठोकून बसवलेले होते, आणि तिथे उभ्या गाडीचा हौदा बाहेरच्यापेक्षा वीतभर खाली येत होता. माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर रोज चढत होता तो या विटांच्या जिवावर.

पंक्चरवाला दुकानातून पाहत होता.

"तुला माहीत होतं?"

"फावडं माझंच होतं, काकी. तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा हे चर खणले."

"मी झाडूनं मोजत होते तेव्हा तोंडात काय ट्यूब धरली होतीस?"

"काकांनी सांगितलं होतं, तिला बोलायचं नाही."

"अरे, ते गेले."

"गेले, पण आता सांग असं कुठे म्हणून गेले?"

काकींनी विचारले, "गुडघा कुठला रे? उजवा की डावा?"

"उजवा. त्याच्यावर हात ठेवूनच बसायचे इथं."

उजवा. गाडीत काका त्यांच्या शेजारी बसत तेव्हा हाच गुडघा गिअरच्या दांड्याशी येई. दुसरा गिअर टाकताना तो हमखास मध्ये यायचा आणि काकी कोपराने ढकलायच्या. "पाय घ्या तिकडे." काका घ्यायचे. कधी काही म्हणाले नाहीत. एकदोनदा खिडकीबाहेर बघत शीळ घातली होती, ती काकींना खुशीची वाटली होती.

आता रडू येईल, असे त्यांना वाटले. त्या थांबल्या. पंक्चरवालाही अदबीने हातातली ट्यूब खाली ठेवून थांबला. काही आले नाही. कोपर तेवढे जरा दुखल्यासारखे वाटले, पण ते दिवसभर थप्प्या उचलून असेल.

"चहा घेणार का?" पंक्चरवाल्याने विचारले.

"एकच सांग," काकी म्हणाल्या.

धंदा चालू आहे. मामी सांगतात, बाईने पदर खोचला आणि पुरुषासारखी हौद्यात चढली. दीर फरश्या घ्यायला येणाऱ्यांना हीच गोष्ट सांगतात, आणि सांगताना शिडीची एक पायरी कमी करतात. पलीकडच्या रस्त्यावर एक नवा हॉल झाला आहे; तिथल्या वॉचमनला अलीकडेच पिवळ्या ठिपक्याची खुर्ची मिळाली. गोडाऊनमध्ये पंक्चरवाला चढतो. काकी चाकावरून उतरतात, खाली उभ्या राहून थप्पी देतात किंवा घेतात, आणि काम झाले की पत्र्यावर थाप न मारता स्वतःच जाऊन गाडी सुरू करतात. दुसरा गिअर आता अडत नाही.

हौद्यात त्या अजून चढलेल्या नाहीत.